न्यू जर्सीचा नंबर

८ मे २००६. चांदवड–मनमाड रस्ता, नाशिक जिल्हा.

हा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांचा. मे महिन्यात उन्हाळ कांदा भरलेल्या ट्रॉल्या चांदवडच्या बाजार समितीकडे निघालेल्या असतात आणि पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर त्यांच्यामागे हळूहळू सरकत असतात. त्या दिवशी याच रस्त्यावर महाराष्ट्र एटीएसच्या पथकाने एक टाटा सुमो आणि एक इंडिका यांचा पाठलाग केला. तिघे पकडले गेले. ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे हाती लागली. इंडिका निसटली.

तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार इंडिका चालवत होता झबीउद्दीन अन्सारी, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. तो मालेगावात गेला, गाडी एका ओळखीच्या माणसाच्या ताब्यात दिली आणि काही दिवसांनी कोलकात्याहून बांगलादेशात उतरला. तिथून खोट्या पासपोर्टवर पाकिस्तानात. पुढे त्याचे नाव झाले अबू जुंदाल.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्याला दोन वर्षे, सहा महिने आणि अठरा दिवस बाकी होते.

शेवट प्रत्येकाला ठाऊक आहे. १६६ माणसे गेली, सुमारे साठ तास शहर टीव्हीसमोर बसून राहिले. बोट, बंदुका, जळणारा घुमट यांबद्दल भरपूर लिहिले गेले. त्या रात्री हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार या दोन्ही टोकांना जोडणारी जी फोनची लाइन होती, ती कशी उभी राहिली याबद्दल कमी. ती लाइन चोरून टाकलेली नव्हती. ऑर्डर देऊन, पैसे भरून, रीतसर घेतलेली होती.

एप्रिल २००८. गेटवे ऑफ इंडिया.

डेव्हिड हेडली नावाचा अमेरिकी नागरिक लष्कर-ए-तैयबा या पाकिस्तानी अतिरेकी संघटनेसाठी टेहळणी करत मुंबईच्या बंदरात बोटीने फिरला. त्याच्याजवळ जीपीएस होते. किनाऱ्यावर उतरायला सोयीच्या जागांची त्याने नोंद केली; कफ परेडजवळची मच्छीमार वसाहत त्यांतली एक. हे त्याने पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे व्हिडिओद्वारे दिलेल्या साक्षीत सांगितले. हल्ल्याआधीचे दोन प्रयत्न, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधले, फसल्याचेही त्याच साक्षीत आले.

सप्टेंबर २००८.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेची नजर झरार शाह या माणसाच्या इंटरनेट वापरावर होती. तो लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञान सांभाळणारा. गूगल अर्थवर मुंबईचे रस्ते दाखवायचे काम त्याचे, आणि फोनची व्यवस्था करायचे कामही त्याचेच. भारतीय यंत्रणाही त्याच्या काही हालचाली पाहत होत्या. २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्स, प्रोपब्लिका आणि फ्रंटलाइन यांनी हे सविस्तर छापले, तोवर जगाला ते माहीत नव्हते.

इकडे नाशिक जिल्हा वेगळ्याच बातमीत होता. २९ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाला, सहा जण गेले. तपास एटीएसकडे आला. प्रमुख होते हेमंत करकरे.

२० ऑक्टोबर २००८, सोमवार. ३७ दिवस बाकी.

न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स या कंपनीला एक ईमेल आला. पाठवणाऱ्याने नाव लिहिले होते खरक सिंग, आणि आपण भारतातले आहोत असे कळवले होते. त्याला इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा हवी होती. भारताने नंतर पाकिस्तानला दिलेल्या कागदपत्रांत ही मागणी नोंदलेली आहे. त्यात संगणकावरून फोन लावण्याची १५ खाती होती, आणि ऑस्ट्रियाचे ५ नंबर.

ही मागणी वाचून कोणाला काही खटकावे असे तिच्यात नव्हते. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात अशीच यंत्रणा बसवली जात असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. भिंतीत खिळे ठोकायचे नव्हते, तारा ओढायच्या नव्हत्या. पडद्यावर तीन रकाने होते. पहिला खात्याचा, म्हणजे बोलणार कोण. दुसरा नंबरचा, म्हणजे समोरच्याला दिसणार काय. तिसरा मार्गाचा, म्हणजे आलेला कॉल वळणार कुठे. तंत्रज्ञाने तिसऱ्या रकान्यात पुण्याच्या एका माणसाचा मोबाइल टाकला, बटण दाबले आणि मला म्हणाला, आता ऑफिसच्या नंबरवर फोन लावा. मी ०२५३ ने सुरू होणारा नंबर लावला. रिंग गेली. उचलणारा माणूस पुण्यात हिंजवडीच्या सिग्नलला उभा होता. मला तो नाशिकच्या टेबलावरूनच बोलतोय असे वाटले असते. मागे हॉर्न वाजत होते म्हणून कळले. टेबलावरचा चहा तोवर गार झाला नव्हता.

खरक सिंगने मागितलेली सोय याच जातीची. बोलणारा कराचीत संगणकापुढे बसेल. त्याचा आवाज इंटरनेटने न्यू जर्सीत जाईल, तिथून साध्या टेलिफोनच्या जाळ्यात उतरेल आणि भारतातल्या मोबाइलवर वाजेल. पडद्यावर दिसेल अमेरिकेचा १ आणि न्यू जर्सीचा २०१. उलट दिशेने, भारतातून कोणी ऑस्ट्रियाचा ४३ ने सुरू होणारा नंबर फिरवला तर तो कॉल व्हिएन्नात कोणाच्या घरी वाजणार नाही. तो वळून पुन्हा कराचीत येईल.

म्हणजे दोन्ही टोके आशियात, आणि नोंदीत अमेरिका आणि युरोप.

२७ ऑक्टोबर २००८, सोमवार. ३० दिवस बाकी.

लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. कंपनीकडे मनीग्रामने २५० डॉलर जमा झाले. पैसे पाठवणाऱ्याचे नाव खरक सिंग नव्हते. खाते सुरू झाले.

१८ नोव्हेंबर २००८, मंगळवार. ८ दिवस बाकी.

लष्कर-ए-तैयबाची एक संशयित बोट समुद्रमार्गे घुसण्याच्या तयारीत असल्याची माहिती रॉच्या हाती आली, बोटीच्या ठिकाणासह. दोन दिवसांनी, २० तारखेला, ती नौदल आणि तटरक्षक दलापर्यंत पोचली. शोध घेतला गेला. दिलेली जागा पाकिस्तानच्या हद्दीतली होती. काही सापडले नाही.

ताजमहाल हॉटेललाही त्याआधी इशारा मिळाला होता. काही काळ बंदोबस्त वाढवला होता आणि नंतर तो सैल केला गेला, असे रतन टाटांनी हल्ल्यानंतर लगेच एका मुलाखतीत सांगितले.

२२ नोव्हेंबर, शनिवार. चार दिवस बाकी.

दहा जण कराचीहून समुद्रात निघाले. पाच जोड्या. प्रत्येकाजवळ एके-४७, पिस्तूल, हातबाँब, स्फोटके आणि सुकामेवा.

२३ नोव्हेंबर, रविवार.

पोरबंदरची मासेमारी बोट ‘कुबेर’ भर समुद्रात त्यांनी ताब्यात घेतली. बोटीवर पाच माणसे होती. चौघांना मारले. तांडेल अमरसिंह सोळंकी यांना जिवंत ठेवले, मुंबईपर्यंत बोट न्यायला.

‘कुबेर’ परतली नाही म्हणून पोरबंदरला कोणी घाबरले नाही. मासेमारीला गेलेली बोट आठवडा-पंधरवडा बाहेर असतेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार. दोन दिवस बाकी.

झरार शाह कराचीच्या बाहेरच्या वस्तीत आला. तिथल्या एका घरात नियंत्रण कक्ष उभा राहिला: संगणक, इंटरनेट, टीव्ही. ही मांडणी करताना त्याच्याबरोबर एक भारतीय होता, अबू जुंदाल, असे अमेरिकी वार्तांकन सांगते आणि भारतीय तपास यंत्रणांचा आरोपही तोच आहे. चांदवडच्या रस्त्यावरून निसटलेली इंडिका इथे येऊन थांबली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. एक दिवस बाकी.

इटलीतल्या ब्रेशा शहरातल्या मदिना ट्रेडिंग नावाच्या पैसे पाठवणाऱ्या एजन्सीतून वेस्टर्न युनियनने कॉलफोनेक्सला २२९ डॉलर आले. ओळख म्हणून पाकिस्तानी पासपोर्टचा तपशील दिला होता. ज्याच्या नावाने पैसे आले त्याने इटलीत कधी पाऊलही ठेवलेले नव्हते, हे इटलीच्या पोलिसांच्या तपासात पुढे आले. २१ नोव्हेंबर २००९ ला त्यांनी एजन्सी चालवणाऱ्या बापलेकांना अटक केली.

ग्राहक स्वतःला भारतातला म्हणवत होता. त्याच्या खात्यावर भारतातून एकदाही पैसे आले नाहीत. ही विसंगती हल्ल्यानंतर कागदावर आली. त्या मंगळवारी ती होती दोन पावत्यांमधली एक फट. परदेशात राहणारा भाचा मामाचे बिल भरतो, भागीदार भागीदाराचे भरतो. अशा धंद्यात ही रोजचीच गोष्ट.

आज हे सगळे एका पानावर मांडता येते. त्या मंगळवारी ते एका टेबलावर नव्हते. शाह काय पाहतो आहे हे लंडनला माहीत होते. बोट निघणार हे दिल्लीला माहीत होते. हॉटेलला धोका आहे हे हॉटेलला माहीत होते. नाव एका देशाचे, पैसे दुसऱ्याच देशाचे, हे न्यू जर्सीच्या हिशेबाच्या वहीत होते. कराचीचा कॉल हव्या त्या माणसाच्या कानात पोचावा म्हणून कोणीतरी महिनाभर बसून मार्ग आखला होता. आपली माहिती हव्या त्या माणसापर्यंत पोचावी म्हणून असा मार्ग कोणीच आखलेला नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलते ते हे.

२६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ४ च्या सुमारास.

‘कुबेर’ला मुंबईचा किनारा दिसू लागला. अंधार पडायची वाट पाहिली गेली. अमरसिंह सोळंकी यांना मारण्यात आले. दहा जण हवा भरलेल्या रबरी बोटीत उतरले. ‘कुबेर’वर एक सॅटेलाइट फोन आणि एक जीपीएस मागे राहिले.

संध्याकाळी.

कटकला भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना चालू होता. घराघरांत, हॉटेलांत आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत टीव्ही लागलेले होते.

रात्री ८.३०. बधवार पार्क, कफ परेड.

रबरी बोट मच्छीमार वसाहतीला लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण उतरले. वस्तीतल्या लोकांनी पाहिले. कोण, कुठले, अशी विचारणा झाली. धड उत्तर मिळाले नाही. हे कोळी नव्हेत, प्रवासी नव्हेत, हे वस्तीला समजले. पुढे ते कोणाला कळवायचे, ते मात्र त्या घटकेला ठरले नाही. जोड्या आपापल्या ठिकाणांकडे पांगल्या.

कराचीत त्या वेळी आठ वाजले होते. व्हिएन्नात दुपारचे चार. न्यू जर्सीत सकाळचे दहा. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुटी. लाइन चालू होती, पैसे भरलेले होते.

रात्री ९.३० नंतर.

कुलाब्यात लिओपोल्ड कॅफे. मग ताज. ओबेरॉय. नरिमन हाउस. आणि सीएसटी.

सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात गोळीबार सुरू झाला तेव्हा उपनगरी गाड्यांच्या बाजूला, फलाटांच्या वरच्या केबिनमध्ये, उद्घोषक विष्णू झेंडे बसलेले होते. काचेतून त्यांना खाली माणसे पडताना दिसली. समोर मायक्रोफोन होता. लोकलमधून उतरणाऱ्यांना त्यांनी पुढे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा, असे सांगायला सुरुवात केली आणि सांगतच राहिले. गोळ्या केबिनवरही आल्या. त्या रात्री मुंबईतला एक इशारा असा होता की जो देणाऱ्याच्या तोंडून निघाला आणि ऐकणाऱ्याच्या कानात पडला. मधे कोणीही नव्हते.

पोलिसांच्या नियंत्रण कक्षात १०० नंबरवर कॉल येतच होते. एकाच वेळी इतक्या ठिकाणांहून, की हल्ला एक आहे की पाच, हे कळायलाच वेळ गेला.

रात्री ११ च्या आसपास.

विलेपार्ले आणि माझगाव इथे दोन टॅक्सींत स्फोट झाले. उतरताना टॅक्सीत बाँब ठेवले होते. आता शहराच्या दोन टोकांचे कॉल त्याच नंबरवर येऊ लागले.

मध्यरात्र.

कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे आणि पोलिस अधिकारी अशोक कामटे व विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळीबार झाला. तिघेही गेले. अर्ध्या-पाऊण तासाने गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोरांपैकी अजमल कसाब याच्या रायफलची नळी हातांनी धरली आणि सोडली नाही. ते गेले. कसाब जिवंत सापडला.

त्यानेच नंतर सांगितले की त्यांना हिंदी शिकवणारा माणूस होता अबू जुंदाल.

२७ नोव्हेंबर, मध्यरात्र उलटल्यावर.

आपले प्रमुख गेले त्याच रात्री एटीएसच्या कर्मचाऱ्यांच्या हाती ताजमधल्या एका अतिरेक्याचा मोबाइल नंबर लागला. त्यांनी तो ऐकायला घेतला. समोरचा नंबर अमेरिकेचा. आवाज उर्दू-पंजाबी.

पहिल्या काही संभाषणांत ताजमधली जोडी खोल्यांचे वर्णन करत होती: संगणकांचे केवढाले पडदे, केवढाल्या खिडक्या. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, आग लावा. टीव्हीवर ज्वाळा दिसत नाहीत तोवर त्याचे समाधान होत नव्हते. तो टीव्ही पाहत होता. बाहेर कोण जमले आहे, कमांडो कुठून येताहेत, हे आपल्याच वाहिन्या त्याला दाखवत होत्या आणि तो ते न्यू जर्सीमार्गे ताजच्या मजल्यावर पोचवत होता. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या प्रकरणातल्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या थेट प्रक्षेपणाबद्दल कडक शब्द वापरले.

एका संभाषणात पलीकडून ‘प्रशासन’ असा शब्द आला. आपल्याकडे हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो, ग्रामपंचायतीच्या फलकापासून आकाशवाणीच्या बातम्यांपर्यंत. पाकिस्तानात वाढलेला माणूस तो बोलण्यात सहसा आणणार नाही. ध्वनिफिती ऐकणारे अधिकारी तिथे थबकले. पलीकडे बसलेल्यांत कोणीतरी इकडचा होता.

नंबर बदलता आला होता. मार्ग बदलता आला होता. शाळेत कानावर पडलेला शब्द तेवढा बदलला नव्हता.

२७ आणि २८ नोव्हेंबर.

लाइन दिवसरात्र वाजत राहिली. नोंदी भारताच्या कागदपत्रांत आहेत. ताज: ४१ कॉल, ८,८३४ सेकंद. ओबेरॉय: ६२ कॉल, १५,७०५ सेकंद. नरिमन हाउस: १८१ कॉल, ३५,१७२ सेकंद. एकूण २८४ कॉल, साडेसोळा तासांहून थोडे जास्त बोलणे. नरिमन हाउसमध्ये ओलिसांचे काय करायचे, हे याच लाइनवरून विचारले गेले आणि याच लाइनवरून उत्तर आले.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ८ च्या सुमारास.

ताजमधला शेवटचा अतिरेकी मारला गेला. पुढचा कॉल आला नाही.

२१ जून २०१२. दिल्ली विमानतळ.

सौदी अरेबियाने परत पाठवलेल्या झबीउद्दीन अन्सारीला अटक झाली. नियंत्रण कक्षातल्या त्याच्या कथित भूमिकेचा खटला वेगळा चालू झाला.

२ ऑगस्ट २०१६. मुंबई.

मकोका न्यायालयाने त्याला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली. ती चांदवड–मनमाड रस्त्यावरच्या पाठलागाने उघडकीस आलेल्या शस्त्रसाठ्याबद्दल होती.